दादाच्या पेशी वाढल्या नाहीत

माझ्या थोरल्या भावाचं अकोल्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. शेतपंपांच्या जळालेल्या मोटारींत तो नवी तार भरून द्यायचा. त्याला रक्ताचा कॅन्सर झाला. केमो झाली, आजार गेला, आणि परत आला. तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी नवा उपचार सुचवला. त्याच्याच रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी काढायच्या, कॅन्सर ओळखता यावा म्हणून प्रयोगशाळेत त्यांच्यात एक जनुक घालायचं, त्या वाढवायच्या आणि परत त्याच्या अंगात सोडायच्या.

"म्हंजे रिवाइंडिंगच नं," दादा म्हणाला.

पेशी देऊन आम्ही परतलो. मग नुसती वाट पाहणं. मी अमरावतीला, राजापेठेतल्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. शनिवारी शिकवणी आटोपली की अकोल्याची बस धरायचे. आई दारातच विचारायची, "वाढून राहिल्या का त्या?" इकडे दादाच्या मानेतली गाठ मात्र वाढत होती. वहिनीनं त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावणं सोडून दिलं होतं.

फोन आला तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. मुंबईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पेशी वाढल्याच नाहीत. केमोनं त्या आधीच थकलेल्या होत्या. पुन्हा काढून बघण्याइतका वेळ आता दादाकडे नव्हता.

आईनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "माह्या घ्या नं मंग. मी धडधाकट हाव. पोटात होता तवा माह्याच रक्तावर वाढला तो!"

पलीकडून त्या बराच वेळ समजावत होत्या. आईनं फोन खाली ठेवला नि माझ्याकडे बघितलं. "काय म्हनते वं ते बाई? माह्या पेशी माह्याच लेकरावर धावून जातीन?"

दुसऱ्याच्या अंगात गेलेल्या पांढऱ्या पेशी त्या अंगालाच परकं समजतात, हा धडा मी फळ्यावर आकृत्या काढून कितीदा शिकवला होता. पण तेव्हा तोंडातून एवढंच निघालं, "हो आई."

"काहून पन?"

दादानंच तिचा हात धरून तिला बसवलं. "जेवून घे माय. भाजी थंडी होऊन राहिली."

त्यानंतर तो मागेल ते आम्ही रांधत गेलो. दोन घास खाऊन तो ताट सरकवायचा. वहिनी ते उचलून आत न्यायची आणि ओट्यापाशी तशीच उभी राहायची. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहायचे. दिवाळीच्या आधीच दादा गेला.