हाक तपासणाऱ्या मॅडम

"फोनवर दांड्या पूर्ण दिसतात, म्हणजे तुम्हाला टॉवर ऐकू येतोय. टॉवरला तुम्ही ऐकू येताय का, हे विचारलंत कुणी?"

खराडीच्या आमच्या मोबाइल कंपनीच्या ऑफिसात नवीन माणूस आला की पहिल्या आठवड्यात त्याला मॅडमचं हे वाक्य ऐकावं लागे. बाकी सगळे एकमेकांना नावाने हाक मारत. त्यांना मात्र मॅडम. त्याही कालच रुजू झालेल्या मुलीला "अहो, आपण" म्हणत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ती इतक्या आदराने बोलतात की आपली चूक झाली असणार हे लगेच कळतं.

मॅडम शनिवार पेठेतून स्कूटरवर येत. आम्ही टॉवरच्या सेटिंगचे आकडे भरायचो आणि त्या ते तपासायच्या.

काम सांगायला सोपं आहे. कुठलंही यंत्र टॉवरशी बोलण्याआधी एक छोटी हाक मारतं. भिंतीआड असलेल्या यंत्राची हाक क्षीण पोचते, म्हणून ते ती पुन्हा पुन्हा मारतं आणि दर वेळी फ्रिक्वेन्सी बदलतं. एका ठिकाणी गोंगाट असला तर दुसऱ्या ठिकाणी तरी ऐकू जावी. याला फ्रिक्वेन्सी हॉपिंग म्हणतात. उडी किती लांब मारायची, तो आकडा टॉवरमध्ये भरावा लागतो.

बिबवेवाडीच्या एका टॉवरचा आकडा मी भरला होता.

त्या टॉवरजवळ एक वृद्धाश्रम होता. तिथल्या प्रत्येकाच्या गळ्यात मोबाइल नेटवर्कवर चालणारं मदतीचं बटण असे. एक आजी तळमजल्याच्या न्हाणीघरात पडल्या. त्यांनी बटण दाबलं, कुणी आलं नाही. तासाभराने मावशी फरशी पुसायला गेल्या तेव्हा त्या सापडल्या. मनगट मोडलं होतं. बटणवाले म्हणाले, नेटवर्कचा दोष. आम्ही म्हणालो, बटणाचा. तक्रार आमच्याकडे दोनदा आली आणि "नेटवर्क व्यवस्थित" असा शेरा मारून दोनदा बंद झाली. दुसरा शेरा माझा होता.

मॅडमनी ती तक्रार पुन्हा उघडली. "चला," म्हणाल्या.

न्हाणीघरात त्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्या, आजींचं बटण हातात घेऊन. मी बाहेर बोळात, टॉवरला हाक पोचते का ते लॅपटॉपवर बघत.

"दाबलं. आली?"

"नाही."

"दाबलं. आली?"

"आली."

असं वीस वेळा झालं. अकरा आल्या, नऊ नाही. अकराही वेळा मावशी धावत आल्या. शेवटच्या वेळी म्हणाल्या, "बाई, तुम्हाला नक्की काय पाहिजे?"

"आपण अशाच येत राहा," मॅडम म्हणाल्या.

मग त्या माझ्या शेजारी बसल्या आणि सेटिंगची यादी खाली सरकवू लागल्या. एका ओळीवर थांबल्या.

"हा उडीचा आकडा कुठून आणलात?"

"शेजारच्या टॉवरवरून कॉपी केला."

"त्याचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा रुंद, याचा अरुंद. शेजाऱ्याची विजार आपल्याला बसेल असं का वाटलं?"

उडी मारलेली प्रत्येक हाक बाकीच्या फोनच्या रहदारीत जाऊन पडत होती. जवळच्या यंत्रांचं उरलेल्या हाकांवर भागत होतं. न्हाणीघरातल्या बटणाचं भागत नव्हतं. मॅडमनी ऑफिसात फोन करून आकडा बदलून घेतला. पुन्हा वीस वेळा दाबलं. विसाच्या वीस आल्या. मावशींनी पाचव्यानंतर येणं सोडलं होतं.

मी लॅपटॉप बंद करायला लागलो. मॅडम म्हणाल्या, "आजींना सांगून या."

"मी?"

"आकडा आपण भरलात ना?"

आजी खिडकीपाशी बसल्या होत्या, हात प्लास्टरमध्ये. मी जमेल तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मी बरोबर दाबत होते?"

"हो."

"मला वाटलं, मला दाबताच येत नाही. मुलगाही तेच म्हणाला." त्यांनी दुसऱ्या हाताने आपला फोन माझ्यापुढे धरला. "त्याला फोन करून सांगाल का? माझ्यासमोर."

मी केला. मॅडम दारात उभ्या होत्या. परतताना स्वारगेटला त्यांनी मला उसाचा रस पाजला, ही त्यांच्या लेखी फार मोठी गोष्ट होती.

अहवालात साहेबांना "तांत्रिक कारण" एवढेच शब्द हवे होते. मॅडमनी लिहिलं, "आकडा चुकीचा भरला गेला. तपासणारी व्यक्ती: मी." भरणाऱ्याचं नाव त्यांनी लिहिलं नाही. साहेबांनी तीनदा परत पाठवला. त्यांनी तीनदा तोच दिला.

काही महिन्यांनी कंपनीने माणसं कमी केली. यादीत मॅडम होत्या. त्या अहवालाचा संबंध होता की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "यादी मी तपासलेली नाही."

शेवटच्या दिवशी खिडकीतून पाहिलं, तर त्या गेटवर स्कूटरवर बसलेल्या, तोंडाला स्कार्फ. मागे गाड्यांची रांग. मी खाली धावलो. सिक्युरिटीवाल्याने त्यांचं कार्ड जमा करून घेतलं होतं आणि कार्डाशिवाय दांडा वर होत नव्हता.

"अहो, कार्ड आपणच घेतलंत," मॅडम त्याला शांतपणे सांगत होत्या. "आता मी इथेच राहायचं का?"

मी माझं कार्ड लावलं. दांडा वर गेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. स्कार्फमुळे चेहरा दिसला नाही, फक्त डोळे दिसले.

"धन्यवाद," त्या म्हणाल्या. "पण आपलं कार्ड दुसऱ्यासाठी वापरायचं नसतं."

आणि नगर रोडला लागल्या.