घरच्या गाडीला कार्ड नाही

आमचे हे गाड्यांचे वैद्य. हे नाव गिऱ्हाइकांनी ठेवलं आणि ते कानावर पडलं की हे फुगतात. तीस वर्षं संसार केलाय, एवढंही मला दिसणार नाही का?

हायब्रिड गाडीचं गिऱ्हाईक येतं तेच मुळी तोंड पाडून. स्टीअरिंगसमोर लाल-पिवळे दिवे पेटलेले असतात, ब्रेकचा, बॅटरीचा, आणखी कसले कसले. "साहेब, मोठी बॅटरी गेली का हो?" हे आधी हँडब्रेक बघणार, मग ब्रेक ऑइल, मग मशीन लावून गाडीनं स्वतःच नोंदवलेले बिघाड वाचणार. त्यानंतरच दिव्यांना वीज पुरवणाऱ्या छोट्या बॅटरीला हात. कारण तिची वायर काढली की त्या नोंदी पुसल्या जाऊ शकतात. बहुतेक वेळा खोट त्या छोटीतच निघते. ती अशक्त झाली की सगळे दिवे उगाच कालवा करतात. मग हे हसून म्हणणार, "थोरलीला काही धाड भरलेली नाही, धाकटी रुसलीय!"

गॅरेजात मी पुढच्या टेबलाशी बसते आणि गिऱ्हाइकाची तक्रार त्याच्याच शब्दांत कार्डावर लिहिते. कार्ड वाचल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही, हा ह्यांचाच नियम. फक्त घरच्या गाडीला कार्ड नाही. आपल्याच माणसांशी कसला कागद, असं ह्यांचं म्हणणं, आणि मलाही ते पटायचं. अक्कल गहाण टाकली होती दोघांनी, दुसरं काय!

ह्यांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईंना, जुनी हायब्रिड ह्यांनीच बघून घेऊन दिली होती. ताई घरोघरी जाऊन आजारी माणसांचे व्यायाम करून घ्यायच्या, गाडीवाचून त्यांचं पान हलायचं नाही. एका सकाळी त्यांचा फोन आला.

"अगं, ब्रेकचा दिवा लागतोय. आणि नुसती उभी असली तरी सारखी घुर्र घुर्र करते."

"या घेऊन," मी म्हटलं. समोर तीन गिऱ्हाइकं ताटकळत होती. त्यांच्या तक्रारी मी नीट उतरवून घेतल्या. ताईंची घुर्रघुर्र कुठेच लिहिली नाही, आणि ह्यांना सांगायचं साफ विसरले.

ताई आल्या त्या घाईत. हेही घाईत. छोटी बॅटरी जुनीच होती, ती ह्यांनी मशीन न लावताच बदलून टाकली. दिवा गेला. "जा आता बिनघोर," बॉनेटवर थाप मारून हे म्हणाले.

नवव्या दिवशी उतारावर ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट झालं आणि गाडी भिंतीवर आदळली. ताईंना खरचटलं तेवढंच. शेजारी बसलेल्या भावोजींचा, म्हणजे ताईंच्या यजमानांचा, गुडघा कायमचा गेला.

गाडी ओढून आणली तेव्हा ह्यांनी मशीन लावलं. ब्रेकला दाब पुरवणाऱ्या भागात गळती होती. दाब टिकत नव्हता, म्हणून पंप सारखा फिरत होता. तेव्हा कुठे मी ती घुर्रघुर्र सांगितली. दुसऱ्या दिवशी ताईंनी विचारलं, "काय निघालं रे?"

"पुढचा भाग पार चेपलाय ताई. आता काही कळत नाही."

मी तिथेच उभी होते. तोंडात मिठाची गुळणी धरून.

हा माणूस खोटारडा नाही हो. दर रविवारी भावोजींकडे गेले, त्यांना दवाखान्यात नेलं, बाथरूममध्ये धरायला दांडा ठोकून दिला. सगळं केलं, एक सांगणं सोडून. परत येताना मी चिडायची, "आज सांगणार होतात ना?" "पुढच्या रविवारी." माझी तरी कुठे छाती झाली! ताईंनी गाडी चालवणं सोडलं, मग कामही सुटलं. आम्ही म्हटलं, भीती बसली असेल.

अडीच वर्षांनी भावोजी हृदयविकारानं गेले. त्यानंतर पाचव्या महिन्यात ह्यांना एकदाचा कंठ फुटला. ताई भावोजींचे शर्ट कुणाला तरी द्यायला पिशवीत भरत होत्या. ह्यांनी सगळं सांगितलं, माझा वाटा मी सांगितला. मला वाटलं, ताई आता आमची सालटी काढतील. काढली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे माझा पाय ब्रेकवरच होता?" त्यांनी विचारलं.

"हो ताई."

"ते म्हणायचे, तू घाबरलीस आणि भलत्याच पेडलवर पाय दिलास. मी भांडायचे. मग ऐकून ऐकून मलाही तसंच वाटायला लागलं." त्या थांबल्या. "ते जायच्या आदल्या दिवशी मी त्यांची माफी मागितली रे. आणि त्यांनी मला माफ केलं."

ताईंनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"जा तुम्ही दोघं," त्या म्हणाल्या, "मला हे शर्ट भरायचेत."