लाल-काळे चिमटे

लातुरातल्या दुकानात बॅटरीचे लाल-काळे चिमटे टांगलेले दिसले, की मला अहमदपूरचं आमचं अंगण आठवतं आणि कमरेला काचणारी आईची साडी. त्या दिवशी मला बघायला पाहुणे आले होते. लाइट आदल्या दिवसापासून गेलेली, माझी इलेक्ट्रिक स्कूटी रिकामी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खेड्यातल्या शाळेत नोकरीचा पहिला दिवस. मुलाच्या कारमध्ये इन्व्हर्टर होता. त्यानं हौसेनं बॉनेट उघडून त्याचे लाल-काळे चिमटे गाडीच्या बॅटरीला लावले, माझा चार्जर जोडला आणि इंजिन चालू ठेवून आत आला. "नोकरी तर सोडावीच लागंल," त्याची आई पोहे खाता खाता म्हणाली. शेवटी "घरी जाऊन कळवतो" झालं, नमस्कार झाले, सगळे गाडीत बसले, आणि गाडी चालूच होईना. "उगं डिझेल कशाला जाळायचं म्हणून मीच मघाशी बंद केली की," मुलाचे वडील म्हणाले. मेकॅनिक येईपर्यंत दोन तास तीच माणसं त्याच खुर्च्यांवर, पंखा बंद, विचारायचं सगळं विचारून संपलेलं, आणि मी समोर पदर सावरत घामात भिजलेली. "बसा की जी, चहा टाकते," आई तिसऱ्यांदा म्हणाली. त्यांचं कळवणं आजतागायत आलेलं नाही. पण स्कूटीत चार्जच्या दोन काड्या भरल्या होत्या, आणि सकाळी मी त्यांच्याच बॅटरीवर शाळेत गेले. शाळेत अजून जाते आहे.