भाऊजींचा सूर्य

बाळांनो, तुमच्या आजोबांचे धाकटे मामेभाऊ, म्हणजे माझे भाऊजी, सूर्याला जितकं घाबरतात तितकं आख्ख्या गिरगावात कोणी कुणाला घाबरत नसेल. आणि रोज सकाळी त्याला दुर्बिणीतून बघणारेही तेच! पूर्वेची गॅलरी आमची, म्हणून त्यांची दुर्बीण आमच्याकडे असते. आल्या आल्या ते माझ्या खुर्चीचं तोंड भिंतीकडे फिरवतात. मग दुर्बीण वळवायची, तीही सूर्याकडे न बघता: जमिनीवर नळीची सावली सर्वांत लहान झाली, की सूर्य सापडला. एकदा दूधवाला नुसता डोकावला, तर भाऊजी ओरडले, "डोळे मीट रे!" बिचारा पिशवीसकट खालीच बसला.

लहानपणी ग्रहणाच्या दिवशी सगळी चाळ दारं लावून बसलेली असताना हे एकटे एक्स-रेची फिल्म डोळ्याला लावून गच्चीवर उभे होते. उजव्या डोळ्याची मधली नजर जळाली ती कायमची; तेव्हापासून त्या डोळ्याने त्यांना माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही.

सूर्याचा जाळ अडवायला ते दुर्बिणीच्या तोंडावर चंदेरी, चुरगळल्यासारखा दिसणारा फिल्टर बसवतात. त्याआधी तो बल्बसमोर धरून कितीतरी वेळ न्याहाळायचे. "अहो, तांदूळ निवडताय का?" मी चिडवायची.

एका शनिवारी तो फिल्टर मला फारच धुळकट वाटला. माझी सवय तुम्हाला माहीत आहे. ओल्या फडक्याने खसाखसा पुसून, सुरकुत्या ताणून मी तो नळीवर चढवून ठेवला. दुसऱ्या दिवशी सूर्यावर मोठा डाग आलाय म्हणून भाऊजी घाईत आले. फिल्टर बसलेला दिसला. काल आपणच तपासून ठेवला असेल असं वाटून ते वाकले. मी कौतुकाने म्हटलं, "आज लख्ख दिसेल हं, घासून पुसलाय मी!"

डोळा भिंगापासून चार बोटांवर होता. ते असे मागे उडाले की तुळशीची कुंडी आडवी झाली. मग त्यांनी फिल्टर काढून बल्बसमोर धरला. माझ्या घासण्याने पडलेल्या छिद्रांतून बारीक बारीक चांदण्या चमकत होत्या. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते हलकेच म्हणाले, "वहिनी, माझ्याकडे हा एकच डोळा उरलाय."

आता तोही वयाने अंधुक झालाय. नवा फिल्टर रोज बल्बसमोर मीच धरते, मीच तपासते. "चांदणी नाही ना एकही?" ते विचारतात. "नाही हो, भाऊजी," म्हणते, आणि तरी पुन्हा एकदा बघते. मग ते वाकतात. ते मान वर करेपर्यंत मी श्वास रोखून उभी असते.