ओंडक्यावरचे तीन घाव

झाडं तोडणाऱ्या या माणसाला सगळं गाव खारोबा म्हणायचं. तरुणपणी तो खारीसारखा सरसर शेंड्यावर जायचा, म्हणून. आता पन्नाशी उलटली होती, पोट सुटलं होतं, तो चढायला लागला की फांदीच घाबरावी अशी गत होती; पण नाव चिकटलं ते चिकटलंच. पाडलेल्या प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर तो कुऱ्हाडीनं तीन घाव घालायचा. दोन उभे, एक आडवा. ही त्याच्या वडिलांची खूण. कुणी लाकूड पळवलं तर शंभरांतून आपला ओंडका ओळखता यावा, एवढाच हेतू. पण खारोबाला तिचा भारी अभिमान. कागदावरची सहीसुद्धा तो इतक्या ऐटीत करत नसे.

दोन महिन्यांपूर्वी रस्ता रुंद करायचा म्हणून त्यानं गावापासून लांब, वरच्या अंगाला ओढ्याकाठची अकरा झाडं पाडली आणि बुंधे तिथंच काठावर रचून ठेवले. पुलाजवळच्या गल्लीत राहणारा, गुरं घेऊन तिकडं जाणारा गवळी त्याचा लहानपणापासूनचा मित्र. तो दोनदा येऊन सांगून गेला, की ओढ्याचा भरवसा नाही, हे उचल. दोन्ही वेळा खारोबानं 'आठ दिवसांत नेतो' म्हणून त्याची बोळवण केली. अडचण काही नव्हती. नुसता आळस.

मग एका दुपारी वर डोंगरात ढगफुटी झाली आणि अर्ध्या तासात ओढा दुथडी भरून वाहू लागला. ओंडके वाहत येऊन पुलाच्या खांबांत अडकले. त्यांच्यामागे फांद्या, कुंपणं, कुणाचा पलंग, मेलेली वासरं, सगळं साचत गेलं. पाण्याला वाट मिळेना, ते गल्लीत घुसलं. चार घरं गेली. गुरं सोडायला धावलेला गवळी परत आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी पुलात अडकलेली लाकडं काढायला गावानं खारोबालाच बोलावलं. दुसरं कोण होतं? दाबाखालचं लाकूड चुकीच्या बाजूनं कापलं तर ते उसळून माणसाची छाती फोडतं. खारोबा मात्र कुऱ्हाडीचा तुंबा, पात्यामागची बोथट बाजू, लाकडावर हलकेच आपटायचा, कान देऊन ऐकायचा आणि ताण कुठं आहे ते सांगायचा. सवयीनं त्यानं पहिल्या ओंडक्याच्या तोंडावरचा चिखल तळहातानं पुसला. दोन उभे, एक आडवा. शेजारचा पुसला. तोही त्याचाच.

पुढं त्यानं जे केलं ते सांगायला मलाच लाज वाटते. त्यानं लाकूड कापायची मशीन चालू केली, खुणेचं तोंड चार बोटं जाडीचं कापलं आणि ती चकती पाण्यात लोटली. दुसऱ्या ओंडक्याचंही तेच केलं. पुलावरचे लोक म्हणत होते, काय हात आहे गड्याचा. कुणीतरी चहा आणून दिला. तो त्यानं तसाच बाजूला ठेवून दिला.

गवळ्याची बायको पुलाच्या कठड्याशी उभी होती. तिनं एकच मागणं केलं होतं, की माणूस अख्खा काढून द्या. तिसऱ्या दिवशी दुपारी एका जाड ओंडक्याखाली शर्टाची बाही दिसली. खारोबानं मशीन बाजूला ठेवली आणि हातकरवत घेतली. छातीएवढ्या गढूळ पाण्यात उभं राहून तो चार तास इंचाइंचानं लाकूड कापत होता. बोटांची सालटी निघाली, पण त्यानं कुणाला करवतीला हात लावू दिला नाही. शेवटी गवळी मोकळा झाला. गाईचं दावं अजून त्याच्या मनगटाला गुंडाळलेलं होतं. ते पाहून खारोबा ओक्साबोक्शी रडला.

लोकांनी गवळ्याला उचलून वर चौकात नेलं. त्या ओंडक्याचा कापून सुटलेला तुकडा तिथंच काठाशी राहिला, खुणेचं तोंड वर करून, पाण्यानं लख्ख धुतलेला. खारोबानं इकडंतिकडं पाहिलं आणि मशीन उचलली.

"भाऊजी, दोन चकत्या टाकल्यात तुम्ही पाण्यात. मी वरून बघत होते."

वहिनी, गवळ्याची बायको, काठावर उभी होती. खारोबा तिच्याकडे वळला.

"वहिनी, त्यानं मला दोनदा सांगितलं होतं."

"माहीत आहे. दोन्ही वेळा घरी येऊन मलाच बोलले, की खारोबा आठ दिवसांत नेतो म्हणतोय." तिचा आवाज चढला नव्हता. "मी गप्प बसले, कारण तुमच्याशिवाय ह्यांना अख्खं कुणी काढलं नसतं. आता काढलंत. हा ओंडका कापू नका."

एवढं बोलून ती नवऱ्यामागं चढ चढून गेली.

खारोबानं मशीन खाली ठेवली. ओंडक्याला दोरखंड बांधला, दोराचं टोक खांद्यावर घेतलं आणि एकट्यानंच ओढत, घसरत, थांबत तो चौकापर्यंत आला. गवळ्याभोवती सगळं गाव जमलं होतं. त्यानं ओंडक्याचं तोंड लोकांकडे वळवलं. ती खूण गावात लहान पोरालाही ठाऊक होती. लोकांनी आधी ओंडक्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

कुणी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, "अकराही माझेच होते."