निळ्या मण्यांतलं तांबं

पीएच.डी.साठी जळगावात मला जे सर मिळाले, त्यांना फिती कापायची जितकी हौस होती तितकी प्रयोगशाळेत यायची नव्हती. वर्षभरात ते दोनदा आत आले. दोन्ही वेळा फोटोग्राफर सोबत होता.

काम मी करायची. कोळंबीच्या टरफलांपासून मिळणाऱ्या पॉलिमरचे मणी करायचे, त्यांत तांब्याचं संयुग बसवायचं आणि ते निळे मणी हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये सोडायचे. लगेच बुडबुडे येऊन पेरॉक्साइडचं विघटन सुरू व्हायचं. मणी खर्ची पडत नाहीत, गाळून पुन्हा पुन्हा वापरता येतात, हा सरांचा निष्कर्ष. तो त्यांनी प्रयोगाआधीच लिहून ठेवला होता.

चौथ्यांदा वापरल्यावर, काचसामान धुणारे धुळ्याकडचे भाऊ मला म्हणाले, "ताई, बठ्ठ्या गोया धव्या व्हई ग्यात."

मणी खरंच पांढरे पडले होते. मी ते गाळून काढले, तरी उरलेलं पाणी फसफसतच राहिलं. त्यात अमोनिया टाकला, तर ते गडद निळं झालं. तांबं मण्यांतून सुटून पाण्यात उतरलं होतं आणि सगळं काम तेच करत होतं.

सरांना सांगितलं. मोबाइलवरून नजर न काढता ते म्हणाले, "गाळून बघायला तुला कोणी सांगितलं होतं?"

"कोणीच नाही, सर."

"मग लिहू नकोस."

महिन्याभराने धुळ्यातल्या परिसंवादात त्यांनी माझेच आलेख दाखवले, चौथा वगळून. श्रोत्यांतल्या एका वयस्क प्राध्यापिकेने विचारलं, "तांबं सुटतं का, ते पाहिलंत?"

"अजिबात सुटत नाही. हिनेच तपासलंय," म्हणत सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मी उभी राहिले. "सुटतं. मी सरांना सांगितलं होतं."

सर हसले. "माईक बघून मुली गोंधळतात," म्हणाले. सभागृहही हसलं. त्या हसणाऱ्यांना रसायनशास्त्र चांगलं कळत होतं. जेवताना, सर कुठे आहेत ते बघून, त्यांतले दोघे माझ्या कानाशी पुटपुटले, "बरं केलंस." त्यांची मला सरांपेक्षा जास्त किळस आली.

परतताना सरांच्या गाडीत मला जागा नव्हती. एसटीने आले. पुढे त्या प्राध्यापिकांनी मला आपल्याकडे घेतलं. तांबं मण्यांतून का सुटतं, यावरच मी प्रबंध लिहिला. सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

सर हल्ली नव्या संशोधकांना सचोटीवर व्याख्यान देतात. मलाही एकदा निमंत्रण आलं होतं. गेले नाही.