गुरुवारी मिळालेली गाडी

आमच्या घरात पहिली गाडी आली तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची होते आणि बाबा ब्याऐंशीचे. गाडी हायब्रिड. म्हणजे कधी बॅटरीवर चालायची, कधी पेट्रोलवर, आणि कशावर चालायचं ते तिचं ती ठरवायची. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत ती उभी केली त्या संध्याकाळी बाबांनी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "चालू कर गो." मी म्हटलं, "चालूच आहे, बाबा." त्यांचा विश्वास बसेना. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये चाळीस वर्षं इंजिनं उघडण्यात गेलेला माणूस तो; कानाला आवाज लागल्याशिवाय गाडी चालू आहे हे त्यांना पटणार कसं? मागे जाऊन, गुडघा धरून वाकून त्यांनी सायलेन्सरशी हात नेला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ही गाडी हा काय मांजर?"

गाडी घेतली ती आत्यासाठी. आत्या म्हणजे बाबांची आक्का, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी. बाबांची आई ते पाच वर्षांचे असताना गेली, आणि पुढे भात भरवण्यापासून शाळेत फटके मारत नेण्यापर्यंत सगळं या आक्कानेच केलं. ती मालवणकडे आमच्या गावात मुलगा आणि सुनेबरोबर राहायची. बाबा तिला सात वर्षांत भेटले नव्हते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दर तासाला लघवीला थांबावं लागायचं. त्यांना बसमधून नेणं अशक्य आणि रेल्वेच्या पायऱ्या चढवणं त्याहून अशक्य. त्यात आत्याने अंथरूण धरलं. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं, आणि त्याचा अर्थ सगळ्यांना कळला.

ती फोनवर एकच विचारायची, "कधी येतलंस रे?" बाबा सांगायचे, "चेडवाची गाडी येतली आता. ती घेवनच येतंय." चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. गाडी आल्यावर तर त्यांनी तिचं वर्णन करून करून वहिनीचा, म्हणजे आत्याच्या सुनेचा, फोन गरम केला. आवाजसुद्धा येणा नाय तिचो, दारात उभी रवली तरी कळाचा नाय, असं काय काय. माझं नाव तिथे पार दिल्लीपर्यंत गेलं असणार.

आणि आम्ही निघालो. पहाटे निघून कर्नाळ्यापर्यंत छान गेलो. तिथे चढ लागला, बॅटरी उतरली, तसं इंजिन आपोआप सुरू झालं आणि अख्खी गाडी थडथडायला लागली. पिवळा दिवा लागला. अॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी रांगायला लागली. नवी कोरी गाडी, सीटवरची प्लास्टिकं बाबांनी काढूही दिली नव्हती, आणि आम्ही बापलेक रस्त्याच्या कडेला उभे. टो करणारा ट्रक येईपर्यंत बाबा बॉनेटला कान लावून होते. "एक सिलिंडर मिसिंग करता हा," ते म्हणाले, म्हणजे एक सिलिंडर नीट पेटत नाही. मी म्हटलं, "बाबा, ही तुमची डिझेलची बस नाहीये. हिच्यात कॉम्प्युटर असतो." हे वाक्य मी बोलले. परत घेता आलं असतं तर घेतलं असतं.

तिथेच मी म्हटलं होतं, भाड्याची गाडी करू आणि असेच पुढे जाऊ. बाबांनी मान हलवली. "आक्काक सांगलंय, चेडवाची गाडी घेवन येतंय म्हणून. भाड्याच्या गाडीतून उतरलंय तर वाडी काय म्हणतली?" हे आमचं खास कोकणी दुखणं. मुंबईत दोन खोल्यांत आयुष्य काढू, पण गावात शिरताना काय घेऊन शिरलो ते वाडी बघते. हसायचं तर हसा. मी फार ताणून धरलं नाही, कारण खरं सांगायचं तर हौस मलाही होती.

डीलरचं वर्कशॉप अंधेरीला, माझ्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर. तिथला सर्व्हिस अॅडव्हायझर म्हणजे गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब आणि तोंडात 'बेसिकली'. पहिल्या वेळी त्याने सॉफ्टवेअर अपडेट करून गाडी परत दिली. दोन दिवसांत मुलुंडच्या फ्लायओव्हरवर तीच थडथड. दुसऱ्या वेळी म्हणाला, "मॅडम, बेसिकली सिस्टीममध्ये काहीच दाखवत नाहीये."

"मग मी काय कर्नाळ्याला हवा खायला उभी होते?"

"तसं नाही मॅडम, पण आम्ही आरेमध्ये ट्रायल घेतली ना. एकदम स्मूद आहे गाडी."

आरेच्या रस्त्यावर रिकामी गाडी, एकटा ड्रायव्हर, बंद एसी. अशी गाडी स्मूदच चालणार. पण हे मला तेव्हा सुचलं नाही. मी आरडाओरडा केला, त्याच्या मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरनेही 'बेसिकली' म्हटलं आणि गाडी तशीच परत मिळाली.

तिसऱ्या वेळी बाबा माझ्याबरोबर आले. मी ऑफिसच्या लॅबमध्ये फोन घेत नाही म्हणून जॉबकार्डवर त्यांचाच नंबर घातला आणि मी ऑफिसला गेले. ते दिवसभर वर्कशॉपमध्ये बसून राहिले. दुपारी त्यांनी म्हणे अॅडव्हायझरला सांगितलं, "एकट्या माणसाक बसवून इंजिनाचा दुखणा कसा कळतला? भार टाका." मग चार मेकॅनिक, बाबा आणि पूर्ण चालू एसी अशी गाडी आरेच्या चढावर नेली, तीन वेळा वरखाली केली, आणि चौथ्यांदा ती थडथडली. एका सिलिंडरचा इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारा पार्ट, खराब निघाला. म्हणजे बाबा पहिल्या दिवशी रस्त्याच्या कडेला म्हणाले होते तेच. संध्याकाळी मी न्यायला गेले तेव्हा सगळं वर्कशॉप त्यांना काका काका करत होतं आणि ते डेपोतल्यासारखे पाय पसरून चहा पीत होते. कित्येक वर्षांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

पण पार्ट यायला दहा-बारा दिवस लागणार होते. आणि आत्याकडे तेवढे दिवस आहेत का, हे कोणालाच माहीत नव्हतं. रोज संध्याकाळी वहिनी तिच्या कानाला फोन लावायची. आधी ती 'कधी येतलंस' विचारायची, आता नुसतं "इलंस?", आलास का, एवढंच विचारायला लागली. बाबा म्हणायचे, "येतंय, आक्का. दोन दिस." मी पुन्हा एकदा भाड्याच्या गाडीचं काढलं. त्यांनी हातानेच उडवून लावलं. त्यांची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती, औषधांची पिशवी वरून बांधलेली.

गाडी गुरुवारी दुपारी मिळाली.

इथपर्यंतचं सगळं मी पुष्कळांना सांगितलं आहे. डीलरला शिव्या घालत, रंगवून, लोकांना हसवत. यापुढचं कोणाला सांगितलेलं नाही.

त्या शुक्रवारी आणि शनिवारी आमच्या कंपनीत परदेशातून तपासणीला माणसं येणार होती. आमची औषधांची कंपनी. मी गुणवत्ता विभागात आहे. जे झालं तेच नोंदवा, जे व्हायला हवं होतं ते लिहू नका, हे मी हाताखालच्यांना रोज बजावते. आठ महिने त्या तपासणीची तयारी केली होती. साहेबांकडे जाऊन, माझी आत्या शेवटच्या घटका मोजते आहे, मला सोडा, असं म्हणता आलं असतं. मी म्हटलंच नाही. आपल्यावाचून त्यांचं अडेल असा एक गर्व असतो, तो होता मला. आणि दोन दिवसांनी काय होतंय, असंही वाटलं. मी गाडी वर्कशॉपमधून काढली, ऑफिसच्या तळघरात लावली आणि रिक्षाने घरी गेले.

बाबा दारातच होते. "गाडीचा काय झाला?"

"पार्ट बसवलाय. ट्रायल चालू आहे त्यांची. शनिवारी देतो म्हणाले. रविवारी पहाटे निघू ना आपण."

ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. मग "बरां" म्हणाले आणि आत जाऊन पडले.

शनिवारी चार वाजता तपासणी संपली. एकही दोष निघाला नाही. पेढे वाटले, साहेबांनी माझं नाव घेतलं, टाळ्या झाल्या. माझ्या हातात अर्धा पेढा होता तेव्हा वहिनीचा फोन आला. आत्या दुपारीच गेली होती. "थांबूक जमाचा नाय गो," ती म्हणाली, "संध्याकाळी आटपतले."

मी तळघरात जाऊन गाडी काढली आणि मुलुंडला आले. बाबांना सांगितलं. त्यांनी दाराशी ठेवलेली बॅग उचलली. मग विचारलं, "गाडी इली?" मी म्हटलं, "आली." ते म्हणाले, "चल मगे."

वाटेत एका लॉजवर रात्र काढून आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. गाडी कुठे म्हणजे कुठे अडली नाही. एकही चढ तिला जड गेला नाही. ती जितकी सुरेख चालत होती तितका मला तिचा राग येत होता, आणि राग तिचा नव्हता हे मला पक्कं ठाऊक होतं.

घराशी आलो तर अंगणापुढचा दगडी गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, एका बाजूने पाडलेला. वहिनीने सांगितलं, आत्याने आठवड्यापूर्वी माणसं लावून पाडून घेतला, भावाची गाडी थेट खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊ दे म्हणाली. आणि तिची खाट पडवीत होती, रस्त्याकडे तोंड करून. आतल्या खोलीतून तिला बाहेर काढलं ते तिनेच हट्ट केला म्हणून. वहिनी मला म्हणाली, "मामांनी सांगलेला ना, गाडयेक आवाज नाय. म्हणान तिका भीती, गाडी येतली आणि आपणाक कळाचा नाय. म्हणाली, माका दिसात अशी ठेव." शुक्रवारचा सगळा दिवस ती जागी होती. शनिवारी सकाळीही रस्त्याकडेच बघत होती.

शुक्रवारी आम्ही तिथे असू शकलो असतो. गुरुवारी संध्याकाळी निघालो असतो तर, असंच लॉजवर थांबून, शुक्रवारी दुपारी असतो. मी त्या खाटेच्या कठड्याला धरून बसले आणि मला रडता येईना. रडायचा हक्क कुठे होता?

माणसं येत होती. जो तो बाबांना विचारत होता, उशीर कसो झालो? आणि बाबा प्रत्येकाला तेच सांगत होते. "गाडी वर्कशॉपात होती. कालच मेळाली." माझ्यासमोर, पुन्हा पुन्हा, न अडखळता. प्रत्येक वेळी लोक माझ्याकडे बघायचे आणि मी मान हलवायचे.

त्यानंतर महिन्याभराने पुढची सर्व्हिस होती. तोच अॅडव्हायझर. त्याने टॅबवर आमचं जुनं जॉबकार्ड काढलं आणि कौतुकाने म्हणाला, "मॅडम, काका ग्रेट आहेत. बेसिकली त्या कामाला मला दहापैकी दहा त्यांनीच दिले. नाहीतर एवढी डोकेदुखी झाल्यावर कोण देतं?"

"कधी दिले?"

"डिलिव्हरी झाली ना, त्याच दिवशी. आमच्याकडून फीडबॅकचा कॉल जातो. जॉबकार्डवर त्यांचा नंबर होता." त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. गुरुवार. दुपारी साडेचार. गाडी मिळाली का, हो. समाधानी आहात का, हो.

मी घरी पोचले होते सात वाजता. म्हणजे दारात 'गाडीचा काय झाला' विचारलं तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. मला वाट काढून दिली होती त्यांनी, खरं बोलायला. आणि मी त्यांच्या डोळ्यांत बघून ट्रायल चालू आहे म्हणून सांगितलं.

गाडी तिथेच टाकून मी घरी आले. बाबा गॅलरीत बसून लसूण सोलत होते. मी समोर स्टूलावर बसले आणि म्हटलं, "बाबा, गुरुवारी तुम्हाला फोन आला होता."

ते सोलत राहिले.

"तुम्ही ओरडला का नाहीत? एक शब्द बोलला असतात तर मी त्या क्षणी निघाले असते. मग गावात सगळ्यांना तसं का सांगितलंत?"

"मगे काय सांगतलंय लोकांका?" ते म्हणाले. "तुझी नोकरी. अडचण असल्याबिगर तू खोटा बोलाची नाय." एवढं बोलून त्यांनी हातातली पाकळी खाली ठेवली.

"माका वाटला, आक्का थांबतली," ते म्हणाले.

आणि आत्या गेल्यापासून पहिल्यांदा ते रडले, तोंडावर लसणाचे हात घेऊन, एखाद्या पाच वर्षांच्या पोरासारखे. मी त्यांचे हात बाजूला करायला गेले तर त्यांनी करू दिले नाहीत.